तीन हात काळी माती

३ मे

मागच्या मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आधी लिहितो. मग बाकीचं.

पहाटेची नमाज झाली, म्हशी पाण्यात सोडल्या, आणि होडी पालथी घालून तिच्या फटींना डांबर लावत बसलो. ऊन बोरूच्या शेंड्यांवर आलं तेव्हा बसऱ्याकडची एक मोटरबोट आमच्या तवील दलदलीच्या पाण्यात शिरली. तीत डॉक्टर रुवैदा होत्या. विद्यापीठात माती शिकवतात. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात माणसाच्या उंचीची लोखंडी सळई, तिच्या टोकाला पन्हळीसारखी पोकळ जीभ. ती चिखलात फिरवत खोचायची आणि वर ओढली की आतला चिखल थरांसकट बाहेर येतो.

"अबू हातिम तुम्हीच ना?" त्या म्हणाल्या. "शेख म्हणत होते, इथल्या मातीची तुमच्याइतकी माहिती कोणाला नाही. महिनाभर वाट दाखवाल?"

मी हाताचं डांबर पुसलं आणि म्हणालो, "मला कुठलं जमतंय, बाई. दुसरा कोणी चांगला बघा."

आमच्यात असंच म्हणतात. जेवायला बोलावलं तरी एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा हाताला धरून ओढलं की उठायचं. पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस हलका. माझे वडील तिसऱ्या खेपेलाच उठायचे, आणि लोक त्यांना तिसऱ्यांदा विचारायचे.

बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. "बरं. तुम्हाला त्रास दिला," म्हणाल्या. मग पिशवीतून चौकड्यांची एक वही काढली. "एवढं तरी कराल का? रोज पाणी किती आहे ते लिहून ठेवा." वही माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी बोट वळवली.

समोरच्या काठावर माझा चुलतभाऊ खयून जाळं झटकत उभा होता. त्याला काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. त्याचं उत्तर मात्र आलं. "चला की." जाळं तिथेच टाकून तो बोटीत बसलासुद्धा.

खयून माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. त्याला चिखल हुंगायला मी शिकवलं.

बोरूची एक काठी दारासमोर पाण्यात रोवली आहे. बोटांनी मोजतो. आज बेचाळीस बोटं. त्याखाली जे लिहितोय ते बाईंसाठी नाही. वही परत देताना ती पानं काढून घेईन.

६ मे

पाणी एकेचाळीस.

त्यांची बोट रोज दारावरून जाते. पाण्यावरून आवाज लांबवर येतो, आणि खयूनचा आवाज मुळातच मोठा. आज तो बाईंना सांगत होता की निळसर चिखल बोटांत घासला आणि सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे पाणी कधी आटलेलं नसतं. हे वाक्य माझं आहे. माझ्या होडीत बसून, माझ्या हातातला चिखल हुंगून तो ते शिकला. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. मी त्याच्या बापाच्या जागी होतो.

माझी बायको नशमीया म्हणाली, "अबू हातिम, त्या बोटीचा आवाज आला की तुमचं तोंड करपलेल्या भाकरीसारखं होतं."

मी म्हणालो, ऊन लागलंय.

"ऊन आम्हालाही लागतं," ती म्हणाली.

११ मे

पाणी एकोणचाळीस.

काल शेखच्या पाहुणघरात बाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. बोरूच्या उंच कमानींखाली दोन्ही बाजूंना लोक बसले. कॉफीच्या चुलीजवळची जागा मानाची. तिथे बाई, त्यांच्या शेजारी शेख, आणि शेखच्या शेजारी खयून. मी दाराकडे बसलो. मला कोणी तिथे बसायला सांगितलं नव्हतं. वर बोलावतील म्हणून मी थोडा वेळ उभा राहिलो, नाही बोलावलं, मग बसलो.

बाईंनी सळईने काढलेले चिखल लांब पन्हळीत मांडले होते. त्या चांगल्या बोलल्या, हे लिहिलंच पाहिजे. म्हणाल्या, "एवढ्या तापलेल्या मुलखात ओली माती असायलाच नको. वरून पाऊस नाही, ऊन तर जमिनीतलं पाणीही ओढून घेतं. पण लांब उत्तरेला डोंगरांवर बर्फ पडतं, ते वितळतं, आणि दोन नद्या ते इथे आणून सोडतात. नदी स्वतःचे काठ गाळाने उंच करते. मधली जमीन ताटासारखी खोलगट राहते. त्या ताटात कुठे किती दिवस पाणी राहिलं, ते सगळं मातीत लिहिलेलं असतं."

मग एकेक पन्हळ दाखवली. पाणी बाराही महिने राहिलं, हवा शिरली नाही, तर माती निळसर राखाडी. पाणी उन्हाळ्यात हटलं आणि वसंतात परत आलं, तर बोरूच्या मुळांच्या वाटेने गंजाच्या तांबड्या रेघा. पाणी आटलं आणि ऊन खालून ओल ओढत राहिलं, तर वर मिठाची साय. "आणि बोरू शेकडो वर्षं पाण्यातच मरत राहिला, कुजायला हवा मिळाली नाही, तर माती काळी. एवढ्या उष्ण देशात ती क्वचित मिळते. अजून मला ती सापडलेली नाही. जिथे सापडेल ती जागा पाण्याच्या हक्काची."

त्यांनी महत्त्वाचं शेवटी सांगितलं. यंदा वरच्या डोंगरांवर बर्फ कमी पडलं. म्हणून पाणी आत सोडायला नदीचा काठ या उन्हाळ्यात एकाच ठिकाणी फोडणार. एक तर इथे, तवीलात, नाहीतर उत्तरेला उम्म गसबमध्ये. जिथली माती पाणी गोड ठेवेल तिथे. बाई जागा सांगतील, पाटबंधाऱ्याचं यंत्र येऊन खोदेल. दुसरीकडच्या लोकांनी म्हशी घेऊन उठायचं.

खयूनने एका पन्हळीतला चिखल चिमटीत घेतला, जिभेवर ठेवला आणि म्हणाला, "हा खारा. अबू हातिमने शिकवलंय मला हे," आणि दाराकडे माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

मला डिवचायला आणखी काय पाहिजे.

१४ मे

पाणी अडतीस.

नशमीयाची मोठी बहीण कतीफा उम्म गसबहून होडीने आली. विधवा बाई. अकरा म्हशी आणि तिची जीभ, एवढीच तिची इस्टेट. येताना ताटलीभर साय आणली. आम्ही तांदळाची भाकरी, साय आणि खजुराची काकवी खाल्ली.

"आमच्याकडे पाणी नाही आलं तर मी इथे येईन," ती म्हणाली. "अबू हातिमच्या दारात अकरा म्हशी बांधीन. बघू, किती दिवस हसून बोलतात."

"आणि आमच्याकडे नाही आलं तर?"

"तर तुम्ही माझ्याकडे या. मी पहिल्या दिवसापासूनच हसणार नाही, म्हणजे फसवणूक नको."

ती उठताना मी विचारलं, खयून तुमच्याकडे आला होता का.

"आला होता. चांगला माणूस झालाय हो तो. म्हातारीला होडी ओढू दिली नाही, स्वतः ओढली. तुमचंच नाव काढत होता."

माझं नाव काढायला त्याला माझी परवानगी लागत नाही, हे खरं.

१९ मे

पाणी छत्तीस.

हे नीट लिहितो.

सकाळी म्हशींसाठी कोवळा बोरू कापायला तवीलाच्या मध्यभागी गेलो होतो. तिथे एका जागी बोरू इतर ठिकाणापेक्षा दुप्पट उंच आणि दाट आहे. बाईंची बोट तिथेच लागली होती. मी बोरूच्या आड होतो. सळई आत जात राहिली. वर आली तेव्हा बाई तिच्यावर वाकल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "खयून, ही काळी आहे." पुन्हा खोचली, चार हातांवर. पुन्हा काळी. तिसऱ्यांदा. वर वीतभर गाळ आणि खाली तीन हात काळी, मऊ, बोरूच्या धाग्यांनी भरलेली माती.

"इथे कधी कोणाची वस्ती होती का?" त्यांनी विचारलं.

"छे," खयून म्हणाला. "मी लहानपणापासून बघतोय. इथे पाणी आणि बगळे."

त्याच्या लहानपणापासून. त्याचा जन्म झाला तेव्हा ते बेट बुडून गेलं होतं.

ते आमच्या आजोबांचं बेट आहे. दोघांच्याही आजोबांचं. बोरू आणि पाणकणीस कापून पाण्यात टाकायचं, वर नाचून तुडवायचं, चिखल घालायचा, वर पुन्हा बोरू. दरवर्षी बेट हातभर खचतं, दरवर्षी नवा थर. त्यावर म्हशींचं शेण, चटया, चुलीची राख. मी सहा वर्षांचा होईपर्यंत तिथे राहिलो. मग एका मोठ्या पुरात आम्ही ते सोडलं आणि ते बसलं. पुढे सरकारने दलदल सुकवली, आम्हाला हाकलून दिलं, वाऱ्याने त्यावर धूळ आणली. बारा वर्षांनी बांध फुटून पाणी परत आलं तेव्हा वर गाळ बसला. बाईंच्या सळईला जी शेकडो वर्षांची वाटली ती माती माझ्या आजीने पायाने तुडवून केली आहे.

आणि त्या बेटापासून वीस पावलांवर कुठेही खणलं तर वीतभर खाली राख आणि मीठ लागतं. सुकलेल्या वर्षांत तवीलाची जमीन आतून जळत होती. मी धूर पाहिला आहे.

मला फक्त बोरू बाजूला सारून म्हणायचं होतं, बाई, ही माती माणसांची आहे. म्हटलं नाही. त्या वेळी मनात काय आलं ते इथे लिहितो, कारण इथे लिहिलं नाही तर कुठेच लिहिणार नाही. मनात आलं, करू दे चूक. भर पाहुणघरात करू दे. मग लोक दाराकडे वळून बघतील.

२० मे

आज शुक्रवार. दुपारी पाहुणघर भरलं होतं. बाईंनी काळी माती पन्हळीत ठेवली होती आणि माणसं ती एखाद्या नवजात बाळासारखी वाकून पाहत होती. खयून चुलीजवळ बसला होता, गप्प. तो गप्प बसला की जास्त मोठा दिसतो.

मी वाट पाहत होतो की कोणीतरी म्हातारा उठेल. पण आमचे म्हातारे सुकलेल्या वर्षांत शहरांच्या कडेला मेले. त्यांना नजफच्या कोरड्या वाळूत पुरून आलो. आमची ओली जमीन मेलेल्याला धरून ठेवत नाही. ते बेट आठवणारा मी एकटा उरलोय, हे मला आज तिथे बसल्यावर कळलं.

बाईंनी विचारलं, "त्या जागेवर पूर्वी कोणी राहत होतं का? मला हे नक्की कळायला हवं." आणि सगळ्यांवरून नजर फिरवत माझ्यावर थांबल्या. "अबू हातिम?"

कॉफीवाला तेव्हाच माझ्यासमोर आला. मी पेला घेतला, प्यायलो, पुरे म्हणून हलवला, परत दिला. मग म्हणालो, "पाण्याखालचं अल्लाहला माहीत, बाई."

हे खोटं नाही. मी मनात तपासून पाहिलं. एकही शब्द खोटा नाही.

२१ मे

पाणी पस्तीस. नमाजेला कपाळ टेकायची करबल्याच्या मातीची वडी आज हातातून पडली आणि दुभंगली. जुनी झाली होती.

२७ मे

पाणी बत्तीस.

ठरलं. काठ तवीलात फोडणार. यंत्र आलंसुद्धा. आमच्याकडचा काठ रुंद आहे, म्हणून बारा जूनपर्यंत खोदकाम चालेल. उम्म गसबचा काठ पातळ होता, एका दिवसाचं काम होतं, असं यंत्रवाला म्हणाला. सगळ्या वस्तीने खयूनला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बायकांनी लांबून गळ्यातला आवाज काढून आनंद केला. शेखने त्याला स्वतःच्या अंगावरचा अबा दिला, उंटाच्या लोकरीचा, सोनेरी काठाचा झगा. माझ्या वडिलांना असा एक मिळाला होता.

खयून तो खांद्यावर टाकून माझ्या दारी आला. "कसा दिसतोय?"

"लांब झालाय तुला," मी म्हणालो.

"तेच म्हटलं. तुम्हाला बरोबर होईल." तो अबा काढून मला देऊ लागला. मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा पुढे केला. पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हा मी घरात निघून गेलो. माणसाला किती हिणवावं यालाही मर्यादा असते.

संध्याकाळी नशमीया बोरूची चटई विणत होती. म्हणाली, "आपल्या दारात पाणी येणार. तुम्हाला आनंद नाही दिसत."

"आहे की."

थोड्या वेळाने म्हणाली, "तुमच्या आजोबांचं बेट कुठे होतं हो? लग्नात तुमची आत्या सांगायची. तिथल्या म्हशी, तिथलं लिंपण."

मी म्हणालो, तिकडे कुठेतरी. बायकांना कधी काय आठवेल सांगता येत नाही.

३० मे

पाणी तीस.

खयून एक मोठा बिन्नी मासा घेऊन आला. स्वतःच चिरला, उभा करून आगीजवळ भाजायला लावला. म्हणाला, "अबू हातिम, डॉक्टरबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझ्या भावाला पुन्हा विचारा, तो पहिल्यांदा नाहीच म्हणतो. त्या म्हणाल्या, मोठा माणूस नाही म्हणाला, मी कसा आग्रह करू. शहरात तसंच असतं म्हणे. नाही म्हणजे नाही."

मी मासा उलटला.

"उद्यापासून तुम्ही चला ना. मला सळई धरता येते. बाकी काही समजत नाही. वाटतं, मी काहीतरी सोडून देतोय."

म्हणजे आता जिंकून झाल्यावर मला बोलावतो. मान सगळा घेतला, आता उरलेलं काम माझ्या गळ्यात. मी म्हणालो, "तुला सगळं समजतं. मीच शिकवलंय ना, तूच सांगतोस सगळ्यांना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मासा चांगला झाला होता. त्याने फारसा खाल्ला नाही.

४ जून

पाणी सव्वीस. उन्हाने डोळे मिटतात.

कतीफाचा निरोप आला, म्हणून मी आणि नशमीया उम्म गसबला गेलो. पाणी हटल्यामुळे तिच्या म्हशी खोल पाण्याच्या शोधात लांब जाऊ लागल्या होत्या. त्यातली एक, गाभण होती, अर्धवट सुकलेल्या चिखलात छातीपर्यंत रुतली. आम्ही नऊ जणांनी दोर लावले. तिच्याखाली बोरूच्या मोळ्या सरकवल्या. दुपारपर्यंत ओढलं. ती ओरडायची थांबली आणि मग आम्हीही थांबलो.

कतीफा तिच्या डोक्याशी चिखलात बसली होती. तिने नेहमीसारखं काहीही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "अबू हातिम, तुमच्याकडे पाणी येतंय ना. आठ दिवसांत बाकीच्या दहा घेऊन येते. जागा करून ठेवा."

मी हात धुवायला म्हणून वाकलो आणि सवयीने चिखलात कोपरापर्यंत हात घातला. निळा होता. थंड होता. आत बोरूची मुळं पांढरी आणि कडक, जिवंत. वर ऊन भाजत होतं, पण वीतभर खाली त्या जमिनीला अजून बातमीच लागली नव्हती. बोटभर चिखल जिभेवर ठेवला. गोड.

म्हणजे ती दहा म्हशी घेऊन या गोड चिखलावरून उठणार आणि माझ्या दारातल्या मिठावर येणार. पहिला महिना पाणी बरं लागेल. मग खालचं मीठ त्यात उतरेल. मग म्हशींचे डोळे जातील.

परत येताना नशमीया माझ्याकडे पाठ करून बसली. मी वल्हवत होतो.

५ जून

खयूनकडे जायला निघालो. त्याच्या दारात तो अबा वाळत घातलेला दिसला. परत आलो.

७ जून

पाणी चोवीस.

आज गेलो. खयूनला म्हणालो, होडीत बस, सळई घे. त्याने का विचारलं नाही.

दाट बोरूच्या जागी मी पाण्यात उतरलो. फावड्याने वरचा गाळ काढला आणि काळ्या मातीत हात घालून चाचपत राहिलो. बराच वेळ काही लागेना. मग बोटांना वीण लागली. ओढली. हातभर चटई आली, काळी पडलेली, पण वीण शाबूत. दोन वर, दोन खाली. आमच्याच घराची वीण. नशमीयालाही आत्याने तीच शिकवली.

खयूनने ती हातात घेतली. बोटांनी वीण मोजली.

"हे बेट आहे," तो म्हणाला.

"आजोबांचं."

मग आम्ही वीस पावलांवर सळई खोचली. राख आणि मीठ. दुसऱ्या बाजूला खोचली. राख आणि मीठ. त्याने थुंकून तोंड धुतलं आणि होडीच्या काठावर बसला. "मी बाईंना म्हणालो, इथे कोणी राहत नव्हतं. तुम्हाला कधी आठवलं हे?"

"परवा," मी म्हणालो. "म्हैस मेली तेव्हा. मला तरी कुठे सगळं आठवतं."

त्याने मान हलवली. मी पुढे म्हणालो, "उद्या-परवा तू स्वतः बाईंना सांग. तूच शोधलंस असं सांग. माझं नाव नको घेऊस." हे म्हणताना मला बरं वाटलं. मान त्याचा त्यालाच राहू दे. माणसाने मन मोठं करावं. संध्याकाळची नमाज आज बऱ्याच दिवसांनी सरळ झाली.

८ जून

पाणी तेवीस. बाई आज खयूनबरोबर दिवसभर तवीलात होत्या. नऊ ठिकाणी खोचलं. यंत्र थांबवलं आहे. उद्या पाहुणघरात बैठक.

नशमीयाने घराच्या मागच्या भिंतीच्या चटया सोडवून गुंडाळून ठेवल्या आहेत. मी विचारलं, हे काय.

"उम्म गसबला जायचं ना," ती म्हणाली. "कमानी उपटायला तुम्ही लागाल. चटया माझ्याच्याने होतात."

तिला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही.

९ जून

दुपारी पाहुणघरात गेलो. दाराजवळ बसलो. यावेळी वर बोलावण्याची वाट पाहिली नाही, जागाच नव्हती. तवीलाची सगळी घरं आली होती.

खयून उभा राहिला. अबा अंगावर नव्हता, घडी करून शेखसमोर ठेवला होता. म्हणाला, "मी डॉक्टरबाईंना चुकीचं सांगितलं. ती काळी माती आमच्या घराण्याचं बुडालेलं बेट आहे. आजूबाजूला मीठ आहे. पाणी उम्म गसबला जायला पाहिजे."

मला वाटलं होतं लोक म्हणतील, वा, खयून, खरा माणूस. असं का वाटलं होतं कोण जाणे.

कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "दारात आलेलं पाणी परत पाठवणारा माणूस पहिल्यांदा बघितला."

दुसरा म्हणाला, "स्वतःच्या आजोबाला ओळखलं नाही आणि माती ओळखायला निघाला."

"कतीफाने साय जास्त वाढली असेल," तिसरा म्हणाला, आणि लोक हसले. कोणीतरी म्हणालं, तेरा दिवस यंत्र इथे फुकट खोदत बसलं, तोवर तिकडे म्हैस मेली, ती कोणाच्या नावावर. खयूनने खाली पाहिलं. म्हणाला, "माझ्या."

बाई वहीत बघत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं, खयूनकडे नाही, दाराकडे. मागच्या महिन्यात जशा थांबल्या होत्या तशा थांबल्या.

एवढा सगळा वेळ मी वाट पाहत होतो, हे आता लिहिताना कळतं. तो माझं नाव घेईल याची. घेऊ नको असं मीच सांगितलं होतं, तरी पाहत होतो. तो घेणार नव्हता. मी तोंडातून काढलेला प्रत्येक शब्द त्याने आजवर तसाच धरला आहे. जे मी बोललोच नाही, तेवढं सोडून.

कॉफीवाला आला. मी पेला घेतला नाही. उठलो. गुडघे दुखतात, उठायला वेळ लागला, तोवर सगळ्यांनी वळून पाहिलं.

मी म्हणालो, "मला माहीत होतं. एकोणीस मेला सळई आत गेली तेव्हा मी बोरूच्या आड होतो. ते बेट आठवणारा मी एकटा उरलोय. वीस मेला बाईंनी मला याच जागी विचारलं आणि मी अल्लाहचं नाव पुढे करून गप्प बसलो. परवा खयूनने मला विचारलं, कधी आठवलं, तेव्हाही खोटं बोललो. म्हैस माझ्या नावावर लिहा."

शेखने विचारलं, "का गप्प बसलास?"

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तोंडाने सांगणं किती अवघड असतं. मी म्हणालो, "त्याला तुमच्या शेजारी बसवलं म्हणून."

कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, किती लांब लिहिलं ते दिसलं नाही. शेखने तो घडी केलेला अबा उचलून आपल्या मागे ठेवला. यंत्र उद्या पहाटे उम्म गसबला न्यायचं ठरलं.

मी बसायला वळलो तर दाराजवळची माझी जागा दुसऱ्या कोणी घेतली होती. उभाच होतो. चुलीपासून बराच खाली, दाटीत बसलेल्या खयूनने माझ्याकडे पाहिलं नाही. बोलावलंही नाही. फक्त एक गुडघा पोटाशी आवळून घेतला. वीतभर जागा झाली.

मला कोणी विचारलं नव्हतं. मी जाऊन बसलो.